मीरा-भाईंदर ते न्यूयॉर्क हवाई अंतर व प्रवासकाल

मीरा-भाईंदर ते न्यूयॉर्क हा महाराष्ट्रातील ठाणे जिल्ह्यातून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतचा दीर्घ पल्ल्याचा हवाई प्रवास आहे. मीरा-भाईंदर शहरात विमानतळ नसल्यामुळे त्याची हवाई बाजू मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापासून मोजली जाते. या विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंतचे पृथ्वीच्या पृष्ठभागावरील सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. विनाथांबा विमानाला मुंबईहून न्यूयॉर्कला जाण्यास साधारण १५ ते १६ तास आणि परतीच्या प्रवासास साधारण १४ ते १५ तास लागतात.

दोन विमानतळांमधील अंतर स्थिर असते. प्रवासकाल मात्र स्थिर नसतो. वाऱ्याची दिशा, कोणत्या देशांची हवाई हद्द खुली आहे, विमानाचा प्रकार आणि विमानतळावरील गर्दी यांनुसार तो बदलतो. त्यातच दोन्ही शहरांच्या प्रमाणवेळांत साडेनऊ ते साडेदहा तासांचा फरक असल्यामुळे तिकिटावरील सुटण्याची व पोहोचण्याची वेळ यांची नुसती वजाबाकी करून प्रवासकाल काढता येत नाही.

मीरा-भाईंदर ते विमानतळ

मीरा-भाईंदर हे मुंबईच्या उत्तरेस लागून असलेले शहर आहे. त्याच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगररांगा आहेत. येथील महानगरपालिका २००२ साली स्थापन झाली. मीरा रोड व भाईंदर ही शहरातील पश्चिम रेल्वेची दोन स्थानके होत.

मीरा रोड स्थानकापासून विमानतळाचे टर्मिनल २ सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटर दक्षिणेस आहे. रस्त्याने हे अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. काशिमीरा, दहिसर नाका व पश्चिम द्रुतगती महामार्ग असा हा रस्ता आहे. ऑक्टोबर २०२४ पासून दहिसर नाक्यावर हलक्या वाहनांना पथकर माफ करण्यात आला आहे. तरीही गर्दीच्या वेळी या २५ किलोमीटरांना दीड तास किंवा त्याहून अधिक लागू शकतो, तर मध्यरात्रीनंतर हेच अंतर एका तासाच्या आत पार होते.

रेल्वेने जाणाऱ्यास भाईंदर किंवा मीरा रोडहून लोकलने अंधेरी, तेथून मेट्रो मार्ग १ ने मरोळ नाका आणि पुढे मेट्रो मार्ग ३ ने टर्मिनल २ असे जाता येते. मेट्रो मार्ग १ जून २०१४ मध्ये सुरू झाला, तर मार्ग ३ चा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. दीर्घ पल्ल्याची अनेक विमाने मध्यरात्रीच्या आसपास सुटतात व प्रवाशांजवळ मोठे सामान असते. त्यामुळे या प्रवासासाठी रस्त्याचा वापर अधिक होतो.

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि तेथून प्रवासी वाहतूक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देशांतर्गत उड्डाणांनी सुरू झाली. मीरा रोडपासून तो सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या विमानतळाच्या दुप्पट अंतरावर आहे.

हवाई अंतराची गणना

पृथ्वी जवळजवळ गोलाकार असल्याने तिच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग ही सरळ रेषा नसून वर्तुळाचा एक कंस असतो. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर जे वर्तुळ तयार होते त्यास बृहद्वृत्त असे म्हणतात. विषुववृत्त आणि परस्परांसमोरील दोन रेखावृत्ते मिळून होणारे वर्तुळ ही बृहद्वृत्ताची परिचित उदाहरणे आहेत. कोणत्याही दोन विमानतळांचे अक्षांश व रेखांश माहीत असल्यास त्यांच्यामधील बृहद्वृत्तीय अंतर गोलीय त्रिकोणमितीने काढता येते.

मुंबई विमानतळ सुमारे १९.०९ अंश उत्तर अक्षांश व ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे. जॉन एफ. केनेडी विमानतळ सुमारे ४०.६४ अंश उत्तर अक्षांश व ७३.७८ अंश पश्चिम रेखांशावर आहे. गणनेच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत:

१. एक ठिकाण पूर्व व दुसरे पश्चिम रेखांशावर असल्यामुळे दोन्ही रेखांशांची बेरीज केली जाते. ती १४६.६५ अंश येते.

२. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार सुमारे ०.२१३ आहे.

३. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार सुमारे उणे ०.५९९ आहे.

४. या दोन गुणाकारांची बेरीज उणे ०.३८६ होते. हा ज्या कोनाचा कोसाइन आहे तो कोन सुमारे ११२.७ अंश आहे. पृथ्वीच्या केंद्राशी दोन्ही विमानतळांमध्ये एवढा कोन होतो.

५. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरल्यास बृहद्वृत्तावरील एक अंश सुमारे १११.२ किलोमीटरांचा असतो. त्यामुळे ११२.७ अंशांचे अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर होते.

पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. तो चपटेपणा लक्षात घेणाऱ्या गणनेत उत्तर काही किलोमीटरांनी बदलते.

न्यूयॉर्क परिसराला सेवा देणारा दुसरा मोठा विमानतळ म्हणजे न्यू जर्सी राज्यातील नेवार्क लिबर्टी आंतरराष्ट्रीय विमानतळ. एडिसन व त्याच्या आसपासच्या भारतीय वस्तीला तो अधिक जवळचा आहे. मुंबईपासून त्याचे अंतर केनेडी विमानतळाच्या अंतराइतकेच, म्हणजे सुमारे १२,५०० किलोमीटर आहे.

नकाशावरील मार्ग व प्रत्यक्ष मार्ग

शाळांच्या भिंतींवर सामान्यतः दिसणाऱ्या जगाच्या सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडल्यास रेषा अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. हा मार्ग जवळचा वाटतो, परंतु तो तसा नाही. मर्केटर पद्धतीच्या नकाशावरील अशी सरळ रेषा म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून केलेला प्रवास असतो. मुंबई ते न्यूयॉर्क या रेषेने गेल्यास सुमारे १४,२०० किलोमीटर अंतर पडते, म्हणजे बृहद्वृत्तीय मार्गापेक्षा जवळजवळ १,७०० किलोमीटर अधिक.

बृहद्वृत्तीय मार्ग मुंबईहून पश्चिमेकडे न जाता वायव्येच्याही उत्तरेकडे झुकलेल्या दिशेने निघतो. तो गुजरात, पाकिस्तानातील सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तानचा पश्चिम भाग यांवरून रशियात प्रवेश करतो. पुढे तो मॉस्कोजवळून, फिनलंडच्या दक्षिण भागावरून, नॉर्वेतील ट्रॉनहाइमजवळून आणि आइसलँडवरून जातो. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून वळसा घेऊन तो कॅनडाच्या पूर्व भागातून न्यूयॉर्ककडे उतरतो. नॉर्वे व आइसलँड यांच्या दरम्यान हा मार्ग ६४ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर जातो. मुंबई आणि न्यूयॉर्क ही दोन्ही शहरे ४१ अंशांच्या दक्षिणेस असूनही त्यांच्यामधील सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुववृत्तापासून फार दूर नाही. धागा आणि पृथ्वीगोल यांच्या साहाय्याने हे सहज पाहता येते. दोन्ही शहरांवर धागा ताणून धरल्यास तो आपोआप उत्तरेकडे सरकतो.

विमाने हा मार्ग तंतोतंत पाळत नाहीत. प्रत्येक उड्डाणासाठी वारा, हवामान, हवाई हद्दींची उपलब्धता, त्यांची शुल्के आणि अन्य वाहतूक पाहून मार्ग आखला जातो. उत्तर अटलांटिकवर तर कॅनडातील गँडर आणि ब्रिटिश बेटांवरील शॅनविक ही नियंत्रण केंद्रे वाऱ्याच्या अंदाजानुसार दररोज नवे समांतर हवाई मार्ग ठरवतात. त्यामुळे एकाच सेवेचे विमान लागोपाठच्या दोन दिवशी शेकडो किलोमीटर वेगळ्या वाटेने जाऊ शकते.

वाऱ्याचा परिणाम

या मार्गावरील मोठी जेट विमाने वातावरणात ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडतात. वारा नसता तर १२,५३० किलोमीटरांना सुमारे १४ तास लागले असते. परंतु विमानाचा वेग हवेच्या सापेक्ष असतो आणि हवा स्वतः वाहत असते.

मध्य अक्षांशांवर साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिवेगवान वारे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी १०० ते २०० किलोमीटर, तर हिवाळ्यात कधी त्याहूनही अधिक असतो. पश्चिमेकडे जाणारी विमाने त्यांना टाळण्याचा, तर पूर्वेकडे येणारी विमाने त्यांच्यात शिरण्याचा प्रयत्न करतात.

सोयीसाठी अंतर १२,५०० किलोमीटर आणि वाऱ्याचा सरासरी परिणाम ताशी ५० किलोमीटर धरल्यास, समोरून वारा असताना जमिनीच्या सापेक्ष वेग ८५० होतो व १४ तास ४२ मिनिटे लागतात. पाठीमागून वारा असताना वेग ९५० होतो व १३ तास ९ मिनिटे लागतात. म्हणजे एवढ्या साध्या वाऱ्यानेही जाण्या-येण्यात दीड तासाचा फरक पडतो. जाताना गेलेला वेळ येताना पूर्णपणे भरूनही निघत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान अधिक काळ असते.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्यामुळे पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर पोहोचायला हवे, असा एक गैरसमज आढळतो. पृथ्वीबरोबर तिचे वातावरण आणि त्यातील विमानही फिरत असल्याने परिवलनाचा असा थेट लाभ मिळत नाही. प्रत्यक्षात परिस्थिती उलट आहे. परिवलनामुळे वाऱ्यांना पश्चिम-पूर्व दिशा मिळते आणि पूर्वेकडील प्रवास जलद होतो.

अंतर आणि वेळ यांतील हा भेद एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवेत ठळकपणे दिसला. डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालेली ही सेवा प्रथम अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये जाताना तिचे विमान पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. नवा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरांचा, म्हणजे जुन्यापेक्षा सुमारे १,४०० किलोमीटर लांब होता. परंतु पाठीशी वारा असल्याने प्रवास जवळजवळ दोन तासांनी कमी झाला.

हवाई हद्दींचा परिणाम

प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरील व किनाऱ्यालगतच्या समुद्रावरील हवाई हद्दीवर अधिकार असतो. मुंबई–न्यूयॉर्क बृहद्वृत्तीय मार्ग ज्या देशांवरून जातो त्यांपैकी अनेकांच्या हवाई हद्दी अलीकडच्या काळात कोणा ना कोणासाठी बंद झालेल्या आहेत.

पाकिस्तानने २७ फेब्रुवारी २०१९ रोजी आपली हवाई हद्द बंद केली. ती १६ जुलै २०१९ रोजी पूर्णपणे खुली झाली. २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांसाठी ती पुन्हा बंद करण्यात आली. याचा सर्वाधिक फटका दिल्ली व उत्तर भारतातून सुटणाऱ्या विमानांना बसला. उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना युरोपात इंधनासाठी थांबावे लागले. मुंबईहून निघणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे जाता येत असल्याने त्यांचा वळसा तुलनेने लहान असतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधील सत्तांतरानंतर अफगाणिस्तानावरील हवाई वाहतूक नियंत्रण थांबले व विमाने अन्यत्र वळवण्यात आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशिया आणि पाश्चात्त्य देश यांनी परस्परांच्या विमान कंपन्यांना आपल्या हवाई हद्दी बंद केल्या. युनायटेड एअरलाइन्सने मार्च २०२२ मध्ये आपली नेवार्क–मुंबई सेवा तात्पुरती स्थगित केली. भारतीय कंपन्यांवर रशियाने असे निर्बंध घातले नाहीत. त्यामुळे एकाच दोन शहरांमध्ये उडणाऱ्या भिन्न देशांच्या कंपन्यांचे मार्ग भिन्न झाले. १३ जून २०२५ रोजी इराणची हवाई हद्द बंद झाल्यावर मुंबईहून लंडनला निघालेले एक विमान काही तासांनी मुंबईलाच परत आले.

वळशामुळे केवळ वेळ वाढत नाही. या मार्गावरील मोठे दुहेरी इंजिनाचे विमान तासाला साधारण ७ ते ८ टन इंधन वापरते. एक तास अधिक उडायचे तर तेवढे इंधन सोबत न्यावे लागते आणि ते वाहून नेण्यासाठी आणखी इंधन लागते. विमानाचे उड्डाणाच्या वेळचे एकूण वजन मर्यादित असल्याने काही वेळा माल किंवा प्रवासी कमी करावे लागतात, अन्यथा वाटेत थांबा घ्यावा लागतो. थांबा घेतल्यास कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची मर्यादाही लागू होते. या साऱ्याचा भार अखेरीस तिकिटाच्या दरावर पडतो.

प्रमाणवेळ व घड्याळातील फरक

भारतीय प्रमाणवेळ ही जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे व ती वर्षभर बदलत नाही. न्यूयॉर्क हिवाळ्यात जागतिक प्रमाणवेळेच्या पाच तास मागे असते. मार्चमधील दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरमधील पहिल्या रविवारपर्यंत तेथील घड्याळे एक तास पुढे केली जातात. त्यामुळे मुंबई न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात साडेदहा तास, तर उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असते.

उदाहरणार्थ, हिवाळ्यात मुंबईहून रात्री १ वाजता निघालेले विमान १६ तासांनी पोहोचले, तर भारतात त्या वेळी संध्याकाळचे ५ वाजलेले असतात आणि न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवशी सकाळचे साडेसहा. घड्याळ पाहणाऱ्यास हा प्रवास केवळ साडेपाच तासांचा वाटतो. उलट न्यूयॉर्कहून सकाळी ११ वाजता निघालेले विमान साडेचौदा तासांनी मुंबईत उतरते तेव्हा येथे दुसऱ्या दिवशीचे दुपारचे १२ वाजलेले असतात. घड्याळानुसार हा प्रवास २५ तासांचा भासतो.

रात्री १२ नंतरच्या उड्डाणांबाबत तारखेची चूक विशेष होते. तिकिटावर ‘१५ तारीख, रात्री १’ असे असल्यास प्रवाशाने घरातून १४ तारखेच्या संध्याकाळीच निघावे लागते. १५ तारखेच्या रात्री विमानतळावर पोहोचलेल्या प्रवाशाचे विमान जवळजवळ एक दिवस आधी गेलेले असते.

घरापासून एकूण प्रवासकाल

विमान कंपन्यांच्या वेळापत्रकातील कालावधी हा विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाण्याचा व रांगेत थांबण्याचा वेळ येतो. घरापासून विमानतळापर्यंतचा वेळ, चेक-इन, सुरक्षा तपासणी, आप्रवासन तपासणी व सामान मिळवण्याचा वेळ येत नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी साधारण तीन तास आधी पोहोचण्याची सूचना दिली जाते.

वरील उदाहरणातील रात्री १ च्या विमानासाठी प्रवाशाने रात्री १० वाजता विमानतळावर असणे इष्ट ठरते. रस्त्यासाठी दीड तास धरल्यास मीरा रोडहून रात्री साडेआठला निघावे लागते. न्यूयॉर्कला उतरल्यावर विमानतळाबाहेर पडण्यास दीड तास लागला, तर तेथे सकाळचे ८ आणि मीरा रोडला संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. एकूण प्रवास २२ तासांचा होतो. त्यांपैकी १६ तास विमानाचे आणि ६ तास जमिनीवरचे असतात. मीरा रोड ते टर्मिनल २ हे २५ किलोमीटर एकूण अंतराच्या एक टक्क्याच्याही पाचव्या हिश्शाइतके आहेत, पण विमान चुकण्याचा धोका प्रवाशाच्या दृष्टीने याच टप्प्यात अधिक असतो. परदेशी गेलेल्या व्यक्तीच्या फोनची वाट पाहणाऱ्या कुटुंबीयांनीही तिकिटावरील पोहोचण्याच्या वेळेत साडेनऊ किंवा साडेदहा तास मिळवून, त्यापुढे किमान तासभर धरणे योग्य ठरते.

अन्य काही शहरांशी तुलना

मुंबईपासूनचे बृहद्वृत्तीय अंतर व विनाथांबा उड्डाणाचा साधारण कालावधी पुढीलप्रमाणे आहे:

दुबई – सुमारे १,९३० किलोमीटर, सव्वातीन तास, घड्याळ दीड तास मागे.

सिंगापूर – सुमारे ३,९२० किलोमीटर, साडेपाच तास, घड्याळ अडीच तास पुढे.

लंडन (हीथ्रो) – सुमारे ७,२१० किलोमीटर. साडेनऊ ते दहा तास. घड्याळ हिवाळ्यात साडेपाच व उन्हाळ्यात साडेचार तास मागे.

न्यूयॉर्क – सुमारे १२,५३० किलोमीटर. १५ ते १६ तास. घड्याळ हिवाळ्यात साडेदहा व उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे.

इतिहास

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर टपाल घेऊन येणारे विमान चालवले. भारतातील नियमित हवाई सेवेचा आरंभ त्यापासून मानला जातो. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबून १० जून रोजी लंडनला पोहोचले.

१४ मे १९६० रोजी एअर इंडियाने बोइंग ७०७ या जेट विमानाने लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू केली. पुढील अनेक दशके मुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्यास युरोपात थांबणे अपरिहार्य होते, कारण तत्कालीन विमानांत एवढ्या पल्ल्याचे इंधन मावत नसे. १ ऑगस्ट २००७ रोजी एअर इंडियाने बोइंग ७७७-२०० एलआर विमानाने मुंबई–न्यूयॉर्क विनाथांबा सेवा सुरू केली. या सेवेत वेळोवेळी खंड पडला. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीने केनेडी विमानतळासाठी मुंबईहून विनाथांबा उड्डाणे पुन्हा सुरू केली.

हे सुद्धा पहा

मीरा-भाईंदर
छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ
नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ
जॉन एफ. केनेडी आंतरराष्ट्रीय विमानतळ
भारतीय प्रमाणवेळ
जेट प्रवाह